मुंबईहून लंडन नेमकं किती लांब?

मुंबई ते लंडन अंतर मोबाइलला विचारलं की तो क्षणात सांगतो : साधारण ७,२०० किलोमीटर. जेट विमान ताशी नऊशे किलोमीटरने जातं हे आपण ऐकून असतो. भागाकार केला की आठ तास येतात. मग तिकीट काढायला बसावं तर जाताना दहाएक तास लिहिलेले, येताना नऊच्या आसपास. तिकिटावरच्या निघण्या-पोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर हिवाळ्यात जायला साडेचार तास आणि यायला साडेचौदा!

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, आणि कोणता आकडा कशाचा हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. मुलगी लंडनला शिकतेय आणि आई-बाबा पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेत, अशी घरं आता महाराष्ट्रात गावोगावी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, पुढचं विमान मिळेल का, न्यायला येणाऱ्याने किती वाजता निघावं, हे सगळं या आकड्यांवर ठरतं. म्हणून एकच प्रवास धरून तो नीट उलगडून बघू.

अंतर म्हणजे कुठल्या वाटेने?

अंतराला वाट चिकटलेली असते. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला, त्याआधी मुंबईहून लंडनला जाणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं आणि तो प्रवास सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता. कालव्यातून तोच प्रवास सुमारे ११,६०० किलोमीटरवर आला. दोन्ही शहरं जागच्या जागीच राहिली, वाट बदलली.

विमानाला डोंगर-समुद्राचा अडथळा नाही, त्यामुळे त्याची वाट सरळ असावी असं वाटतं. पण गोल पृथ्वीवर सरळ म्हणजे काय? घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर आणि लंडनवर एकेक बोट ठेवून मधे दोरा ताणून बघा. ताणलेला दोरा जिथून जातो ती सर्वांत जवळची वाट. मोबाइल जो आकडा सांगतो तो या दोऱ्याच्या लांबीचा, म्हणजे सुमारे ७,२१० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून याच दोन शहरांमध्ये रेघ मारली आणि त्या रेघेवरून विमान नेलं, तर ते जवळजवळ १९० किलोमीटर जास्त उडेल. सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून मोठा दाखवतो, म्हणून त्याच्यावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात वाकडी असते आणि दोऱ्याची वाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेली कमान दिसते.

मुंबई-लंडनमध्ये हा फरक थोडा आहे. बंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्कोचं बघा. ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, त्यामुळे दोरा ताणला की तो थेट उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान ध्रुवावरून आणलं आणि त्याच्या कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या, हे अनेकांना आठवत असेल. नकाशाच्या पुस्तकात बघून ती वाट कुणाला सुचली नसती. गोलावर दोरा धरला की ती समोर दिसते.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण विमानातल्या पडद्यावर आणि बातम्यांत तिचा उल्लेख येतो. वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि तो पृथ्वीवरच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणून ठरवलेला आहे. मुंबई आणि लंडनमध्ये गोलावर जवळजवळ ६५ अंशांचा कोन होतो. त्याला साठने गुणलं की सुमारे ३,९०० नॉटिकल मैल. नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल.

दोऱ्याखाली काय काय येतं

आता तो मुंबई-लंडन दोरा जमिनीवर कुठून जातो ते बघू, कारण खरी गोष्ट इथे सुरू होते. मुंबईहून तो वायव्येकडे निघतो, जवळपास कराचीवरून जातो, बलुचिस्तान ओलांडून पूर्व इराणमध्ये शिरतो, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठाजवळून जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराशेजारी येतो. बरोबर अर्धं अंतर तिथे संपतं. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, मग जर्मनी, बेल्जियम आणि लंडन.

ही नावं पुन्हा एकदा वाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं आणि काही दिवसांतच भारतानेही तेच केलं. असं याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्येही झालं होतं, फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणची लढाई जुंपली तेव्हा इराण आणि इराकचं आकाशही बंद झालं. म्हणजे मोबाइल ज्या ७,२१० किलोमीटरचा आकडा देतो, त्या वाटेने जाणं आपल्या विमानांना शक्यच नसतं. तो आकडा हा तळ आहे. प्रत्यक्ष अंतर त्याच्या वरच कुठेतरी असतं.

पाकिस्तान टाळायचं तर मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून मस्कतच्या दिशेने जातं आणि तिथून वायव्येला वळतं. मुंबई-मस्कत आणि मस्कत-लंडन असे दोन दोरे ताणले तर बेरीज सुमारे ७,४२० किलोमीटर येते. म्हणजे दोनशेएक किलोमीटरचा वळसा, पंधरा मिनिटांचा. मुंबईला हा फटका फारसा जाणवत नाही.

दिल्लीला मात्र जाणवतो. गोलावर मोजलं तर दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा जवळ आहे, जवळजवळ ४८० किलोमीटरनी : सुमारे ६,७३० किलोमीटर. पण दिल्लीचा दोरा पंजाब संपला की पाकिस्तानातच शिरतो. तिथे जायचं नाही म्हटलं की विमानाला आधी दक्षिणेला अहमदाबादकडे उतरावं लागतं, मग समुद्रावरून मस्कतकडे आणि मग लंडनकडे. ही बेरीज आठ हजार किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे भारतीय कंपनीच्या विमानाने जायचं असेल आणि पाकिस्तानचं आकाश बंद असेल, तर लंडन दिल्लीपेक्षा मुंबईहून जवळ पडतं! भूगोलाच्या पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण तिकिटावरच्या तासांत ते स्पष्ट दिसतं. आणि ब्रिटिश विमान कंपनीवर पाकिस्तानची ही बंदी नाही, त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, शेपटीवर कुठल्या देशाचा झेंडा आहे यावर विमानाची वाट वेगळी होऊ शकते.

आखाताचं महत्त्वही यातूनच कळतं. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३०, म्हणजे थेट वाटेपेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त. दुबईला थांबून जाणं अंतराच्या दृष्टीने वळसा नाहीच म्हणायला हरकत नाही. वेळ जातो तो तिथल्या थांब्यात. एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. त्या तीन टप्प्यांची बेरीज ७,९०० किलोमीटरच्या घरात जाते. त्या काळच्या पंख्याच्या इंजिनांना एवढं इंधन घेऊन एका दमात जाणं झेपत नव्हतं, त्यामुळे थांबे सोईचे कुठे आहेत यावर वाट ठरायची. आता ती कुणाचं आकाश उघडं आहे यावर ठरते.

वारा

अंतराचं इतकं. पण सात हजार चारशे किलोमीटर धरले तरी ताशी नऊशेने सव्वाआठ तास होतात. दहा कसे? आणि येताना एक तास कमी का?

मुळात ताशी नऊशे हा वेग कशाच्या तुलनेत, हे समजलं पाहिजे. विमान हवेच्या तुलनेत नऊशेने जातं. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली पन्नास-पंचावन्न अंश असतं, तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर होतो आणि आजची लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास चालतात. म्हणून नऊशे. पण ती हवा स्वतः वाहत असेल तर? होडी नदीच्या पाण्यात जो वेग घेते त्यात प्रवाहाचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो, तसंच इथे. आणि वरच्या हवेचा प्रवाह किरकोळ नसतो. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर ही तिथली रोजची गोष्ट, कधी कधी तीनशेच्याही वर.

हा वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच का येतो? विषुववृत्ताकडची हवा तापून फुगते, ध्रुवाकडची गारठून आकसते. त्यामुळे एकाच उंचीवर, समजा अकरा किलोमीटरवर, दक्षिणेकडे दाब जास्त आणि उत्तरेकडे कमी असतो. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे उत्तरेकडे, निघते. पण पृथ्वी फिरते आहे, आणि उत्तर गोलार्धात या फिरण्यामुळे वाहती हवा आपल्या उजवीकडे वळते. उत्तरेला निघालेली हवा उजवीकडे वळली की पूर्वेकडे जाते. जिथे तापमानातला फरक तीव्र असतो तिथे हा वारा अरुंद पट्ट्यात एकवटतो आणि वेगवान होतो. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उत्तर गार पडते, फरक वाढतो, जेट स्ट्रीम जोर धरते आणि दक्षिणेकडे सरकते. तिचा एक पट्टा त्या काळात इराणवरून आणि उत्तर भारतावरून जातो. लंडनच्या विमानाला तो ओलांडावाच लागतो, आणि युरोपवर दुसरा पट्टा भेटतो.

हा वारा कुणी शोधला याची कथा मला फार लागते. जपानचे वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्यांचा माग काढत होते. वरच्या थरातले प्रचंड वारे त्यांनी मोजले आणि जगाला कळावं म्हणून १९२६ साली ते एस्पेरांतो भाषेत छापले. ती कृत्रिम भाषा वाचणारे जगात थोडेच होते. त्यांचं काम बाहेर फारसं पोचलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून जाऊ लागली तेव्हा त्यांना याच वाऱ्याने गाठलं, आणि मग सगळ्या जगाने त्याची दखल घेतली.

आता हिशेब. वारा नसेल तर ७,२१० भागिले ९००, आठ तास. समोरून ताशी शंभरचा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग आठशे उरतो आणि नऊ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर वेग हजार, आणि सात तास तेरा मिनिटं. एकाच दोऱ्यावर जाण्यायेण्यात पावणेदोन तासांचा फरक! शिवाय जायला एक तास जास्त लागला म्हणून यायला एक तास वाचेल असं होत नाही. वाचतात फक्त सत्तेचाळीस मिनिटं. विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ राहतं आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडतं, म्हणून वाऱ्याचा तोटा पूर्ण भरून निघत नाही. जाणं-येणं दोन्ही धरलं तर वारा नेहमी थोडा वेळ खातोच.

प्रत्यक्षात वारा सगळीकडे सारखा नसतो आणि थेट समोरूनही नसतो, त्यामुळे मुंबई-लंडनमध्ये फरक साधारण तासाभराचा पडतो. न्यूयॉर्क-लंडनची वाट मात्र जेट स्ट्रीमला समांतर जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाची मर्यादा त्याने ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

इथे एक शंका हटकून येते : पृथ्वी तर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे लंडनच चालून का येत नाही? मुंबईची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने पूर्वेला चालली आहे. पण तिच्यावरची हवाही जवळजवळ त्याच वेगाने चालली आहे, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. त्यामुळे फिरण्याचा थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम येतो तो आडवाटेने, वर सांगितलेल्या वाऱ्याच्या रूपाने. आणि तो परिणाम शंकेच्या नेमका उलटा आहे, म्हणजे पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं.

वाऱ्याचा सगळ्यात बोलका दाखला आपल्याच देशातला आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, म्हणजे वाऱ्याला तोंड देत. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट्या बाजूने, प्रशांत महासागरावरून नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी. लांबची वाट जवळची ठरली. रोज प्रत्येक उड्डाणाआधी वाट आखणारी माणसं हाच हिशेब करतात. सर्वांत कमी किलोमीटर कुठे, हे त्यांना बघायचं नसतं. सर्वांत कमी वेळ आणि सर्वांत कमी इंधन कुठे, हे बघायचं असतं. लांब पल्ल्याचं बोइंग ७८७ विमान तासाला सुमारे पाच टन इंधन जाळतं. एक तास वाढला की ते पाच टन आणि ते पाच टन वाहून न्यायला आणखी थोडं.

विमानात समोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ दिसतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. बऱ्याच पडद्यांवर समोरच्या किंवा पाठच्या वाऱ्याचा वेगही देतात. जाताना साडेसातशे आणि येताना हजार असे आकडे दिसले तर इंजिनाने जोर केलेला नाही, वारा फिरला आहे.

तिकिटावरचे तास

तिकिटावरचा कालावधी हवेतला नसतो. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढून ते गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हा मोजणी सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला गेटवर थांबून अडसर लागले की संपते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं येतं, रांग येते, चढण येते, उतरण येते.

लहान प्रवासात हाच भाग मोठा असतो. मुंबई-नागपूर अंतर सुमारे ६८५ किलोमीटर, तिकिटावर दीड तासाच्या आसपास. म्हणजे सरासरी वेग ताशी साडेचारशे. मुंबई-लंडन ७,२१० किलोमीटर आणि दहा तास धरले तर सरासरी सातशेवीस. विमानं दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच वेगाने उडतात. पण नागपूरचं विमान जेमतेम वर पोचतं आणि उतरायला लागतं, कारण उतरण दोनशेएक किलोमीटर आधीच सुरू करावी लागते. म्हणून कुठल्याही दोन शहरांचा वेळ काढताना अंतराला साडेआठशेने भागून वर अर्धा-पाऊण तास धरावा. पश्चिमेला लांब जायचं असेल तर आणखी तासभर. मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर : भागाकार एक तास वीस मिनिटं, वर पाऊण तास, दोन तास पाच मिनिटं. तिकिटावर सव्वादोनच्या आसपास असतं.

ती जास्तीची मिनिटं कुठून येतात? मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या गर्दीत रांग लागणारच. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्या आहेत, तरी तिथेही विमानं शहराभोवती ठरलेल्या चार जागी घिरट्या घालत आपली पाळी येण्याची वाट बघतात. शिवाय शेजारच्या वस्तीची झोपमोड होऊ नये म्हणून हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते पहाटे सहापर्यंत विमानांच्या संख्येवर कडक मर्यादा आहे. मुंबईचं रात्रीचं विमान वाऱ्याने साथ दिली म्हणून पहाटे लवकर पोचलं तरी लगेच उतरता येईलच असं नाही. कंपन्या मागच्या मोसमांतले प्रत्यक्ष वेळ बघून हे सगळं तिकिटावरच्या कालावधीत धरून ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं.

आणि मग घड्याळं. भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, वर्षभर. लंडन हिवाळ्यात ग्रिनिचच्याच वेळेवर असतं, पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. म्हणून फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. समजा जानेवारीत विमान मुंबईहून रात्री दोनला निघालं आणि दहा तासांनी पोचलं. मुंबईत तेव्हा दुपारचे बारा, लंडनमध्ये सकाळचे साडेसहा. तिकिटावर दिसतं दोन ते साडेसहा. परतताना लंडनहून रात्री नऊला निघालं आणि नऊ तास लागले तर तिथे सकाळचे सहा, आपल्याकडे साडेअकरा. एका बाजूला साडेचार तास आणि दुसऱ्या बाजूला साडेचौदा दिसतात ते असे. तपासायचं असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज करावी : एकोणीस तास, म्हणजे दहा आणि नऊ. जाण्यायेण्याची बेरीज घेतली की घड्याळांचा फरक आपोआप कटतो. मधेच मार्च किंवा ऑक्टोबरचा तो रविवार येत असेल तर तेवढा एक तास सांभाळावा.

‘मलबार प्रिन्सेस’ने पहिलं उड्डाण केलं त्या काळात मुंबई शहराची स्वतःची वेळही वापरात होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १९५५ पर्यंत ती टिकली. त्या प्रवाशांनी वजाबाकी कशी केली असेल याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं.

आता कामाचं. औषधांसाठी डॉक्टरांना विचारताना घड्याळातल्या वेळा देऊ नका. ‘इतके तास प्रवास, त्यात तिथली वेळ इतके तास मागे’ असं सांगा. न्यायला जाणाऱ्याने तिकिटावरची वेळ धरून बसू नये. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागच्या आठवड्यातले प्रत्यक्ष निघण्याचे आणि पोचण्याचे वेळ असतात, ते बघावेत. चार-पाच दिवसांचे वेळ बघितले की वारा आणि बंद आकाश धरून खरा अंदाज येतो. पुढचं विमान पकडायचं असेल तर जाताना, आणि विशेषतः हिवाळ्यात, मधे जास्त वेळ ठेवावा.

आणि शहराच्या नावाखालचा विमानतळ नक्की वाचावा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. तिकिटावर एनएमआय लिहिलं असेल तर नवी मुंबई, बीओएम असेल तर सांताक्रूझ-सहारचा जुना विमानतळ. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी असे कितीतरी. हीथ्रो शहराच्या मध्यापासून सुमारे २३ किलोमीटर पश्चिमेला आहे, गॅटविक सुमारे ४५ किलोमीटर दक्षिणेला. आकाशातले दोनशे किलोमीटर पंधरा मिनिटांत जातात, पण चुकीच्या विमानतळावर न्यायला गेलेल्या माणसाला लंडनच्या रस्त्यांवर दुसऱ्या विमानतळाकडे पोचायला दीड-दोन तास सहज लागतात.